सेल खाणारी पेटी: गेम बॉयवर आठ महिने वाजवल्यानंतर

तोक्योतल्या आमच्या मंडळाच्या गणपतीत, आरतीच्या ऐन दुसऱ्या कडव्याला हा गेम बॉय, म्हणजे हातात धरून खेळायचा जुना व्हिडिओ गेम, जो मी वाद्यासारखा वाजवतो, बंद पडला. लाल दिवा मिणमिणला, पडद्यावर वरून कंपनीचं नाव घसरत खाली आलं, 'टिंग' झालं आणि सामसूम. टाळ्यांचा ठेका धरलेली माणसं बिचारी तशीच टाळ्या वाजवत राहिली. आरती गळ्यावर पुरी झाली. माझ्या डोक्यात एकच: सेलनी घात केला.

यंत्र १९८९ चं, पहिलं, जाडजूड, राखाडी. अकिहाबारातल्या, म्हणजे तोक्योच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातल्या, एका दुकानाच्या 'जंक' खोक्यातून उचललं. जंक म्हणजे घरी नेऊन चाललं तर तुमचं नशीब, परत घेणार नाहीत. पडद्यावर दोन उभ्या रेषा गायब होत्या, त्या खालच्या पट्टीवर सोल्डरिंगचं टोक हलकेच फिरवल्यावर परत आल्या. मग बॅकलाइट, म्हणजे पडद्यामागचा दिवा, बसवला, आवाजासाठी वेगळं सॉकेट काढलं आणि एलएसडीजे (गेम बॉयवर संगीत रचायचा प्रोग्रॅम) असलेलं कार्ट्रिज घेतलं.

सॉकेटचं काम ज्यांना टाळावंसं वाटतं त्यांनी टाळू नये. मूळचा हेडफोनचा आवाज आतल्या छोट्या ॲम्प्लिफायरमधून फिरून येतो आणि येताना गुणगुण घेऊन येतो. व्हॉल्यूमच्या चाकाच्या अलीकडूनच डावी, उजवी आणि ग्राउंड अशा तीन तारा काढल्या की बास एकदम पोटात बसतो. चाक फिरवून मग काही होत नाही, आवाज मिक्सरवर सांभाळायचा. तारांचा आणि सॉकेटचा खर्च दोन वडापावांचा, म्हणजे इथल्या भावाने नव्हे, दादरच्या.

वाजतं कसं? आवाजाचे मार्ग चारच. दोन पल्सचे, एक वेव्हचा, एक नुसत्या खरखरीचा. दोन्ही पल्सची रुंदी २५ टक्क्यांवर ठेवून एकाचा सूर केसभर सरकवला की दोन सुरांच्या पेटीसारखा भरदार आवाज येतो. पन्नास टक्क्यांवर तोच आवाज पोकळ लागतो. खरखरीचा अगदी आखूड तुकडा म्हणजे टाळ. वेव्हला सूर झपकन खाली ओढायला लावला की ढोलकीचा 'घुम' मिळतो. 'एल' कमांडने एका सुरावरून दुसऱ्यावर घसरता येतं, तिला मींड म्हणायचं धाडस मी करत नाही, पण मंडळात कुणी हरकत घेतली नाही. दादरा बसवायचा तर सोळा पायऱ्यांचा फ्रेज (सुरांचा तुकडा) बाराव्यानंतर तोडावा लागतो. आकडे सोळाच्या पायावर, नऊनंतर ए, बी, सी, म्हणून ती जागा 'सी' वर येते. पहिला आठवडा मी ती बारावर शोधत होतो.

सराव ऐकून एक काकू म्हणाल्या, "अरे, हा तर आमच्या बंड्याच्या ब्रिक गेमचा आवाज!" आठ महिन्यांत मिळालेलं सर्वांत अचूक परीक्षण.

आता सेल. चार लागतात. साधे अल्कलाइन दीड व्होल्टचे, म्हणजे सहा. चार्ज होणारे १.२ चे, म्हणजे ४.८. दर आठवड्याला नवे सेल विकत घेणारा मी नव्हे, म्हणून पहिल्या दिवसापासून चार्जवाले. तासाभरात यंत्र रीसेट व्हायचं. कधी गाणं शाबूत, कधी ढोलकीच्या जागी भलतेच सूर. मी कार्ट्रिज विकणाऱ्याला तीन मेल पाठवले, तिसरा जरा जास्तच तिखट. त्याचं प्रत्येक वेळी एकच उत्तर: "आधी खटका साफ करा." मला वाटलं, टोलवतोय. कार्यक्रमाच्या दिवशी कॉम्बिनीतून, म्हणजे कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानातून, दुप्पट भावाने अल्कलाइनची दोन पाकिटं घेतली, तरी व्हायचं ते झालंच.

इथपर्यंतचा मजकूर मी त्याच रात्री लिहिला होता आणि शेवटी 'घेऊ नका' असं होतं. ते खोडतोय.

दुसऱ्या दिवशी तेच अल्कलाइन सेल ठेवून चालू करताना बोट खटक्यावर रेंगाळलं आणि लाल दिवा एकदम उजळला. बोट काढलं, पुन्हा मंद. मल्टिमीटर लावला: सेलच्या टोकांवर ५.९, खटक्याच्या पलीकडे ४.७. एक व्होल्टहून जास्त तिथेच गिळला जात होता. तीसपस्तीस वर्षांत खटक्याच्या आतल्या पत्र्यावर काजळी धरली होती. नुसता खेळ चालवताना हे कळत नाही, पण बॅकलाइट आणि नवं कार्ट्रिज दोघेही जास्त करंट ओढतात, मग आतल्या सर्किटच्या पाटीला पुरेसे व्होल्ट मिळणार कुठून?

सेल काढले, तीन पाकळ्यांचे स्क्रू उघडले, खटक्यात आयसोप्रोपिल अल्कोहोलचे चार थेंब सोडले आणि टीव्ही बघता बघता शंभरदा खटखट केली. बायको म्हणाली, "आता हेही वाजवायला शिकलास का?" रात्रभर वाळू दिलं. फरक आता पाव व्होल्टचाही नाही. त्याच चार्जवाल्या सेलवर साडेपाच तास चाललं, एकदाही रीसेट नाही.

तेव्हा बॅकलाइटच्या आधी खटका. आणि गाणं कॉम्प्युटरवर उतरवून ठेवा, कारण कार्ट्रिजमधला बटण सेल संपला की सगळं पुसलं जातं, तिथे खटका साफ करून उपयोग नाही.

अल्कलाइनचं दुसरं पाकीट न फोडता पडून आहे, भिंतीवरच्या घड्याळाची आणि रिमोटची सोय झाली. कार्ट्रिजवाल्याला चौथा मेल अजून लिहायचा आहे. तीनदा सुरुवात केली, 'माफ करा' च्या पुढे जपानी सुचत नाही.