आरएक्स ५८० (८ जीबी, सेकंडहँड) : काही महिन्यांच्या वापरानंतर, आणि मेमरी एररचा तो आकडा

एएमडीच्या या ग्राफिक्स कार्डाचे स्पेक्स सगळ्यांना पाठ आहेत, परत लिहीत नाही. लिहायचं कारण एवढंच की गेम चालू असताना स्क्रीन काळी होऊन ड्रायव्हर रीसेट व्हायला लागला, आणि मुळाशी निघाला मायनिंगसाठी (क्रिप्टोचलन मिळवायला कार्ड सतत राबवणं) बदललेला बायोस, म्हणजे कार्डाचे क्लॉक-व्होल्टेज ठरवणारं आतलं सॉफ्टवेअर. विकणाऱ्याने 'फक्त गेमिंगला वापरलंय' असं छातीठोकपणे सांगितलं होतं. सगळेच सांगतात.

आधी ओळख. स्टिकर आणि खोकं यांना काडीची किंमत देऊ नका. ५८० या नावाने दोन वेगळी कार्डं फिरतात. एप्रिल २०१७ चं मूळ कार्ड २३०४ शेडरचं (शेडर म्हणजे चिपमधली छोटी गणन-एककं). ऑक्टोबर २०१८ मध्ये चीनच्या बाजारासाठी आलेलं '२०४८ एसपी' म्हणजे शेडरच्या हिशेबाने सरळसरळ ५७०. जीपीयू-झेड या कार्डाची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये शेडर्सची ओळ वाचली की हा प्रश्न मिटतो. डिव्हाइस आयडी ६एफडीएफ असेल तर ते २०४८ एसपी. ६७डीएफ असला तरी लगेच हुरळू नका, कारण ४७०, ४८०, ५७० आणि ५८० या चौघांचाही तोच आहे. तिथे रिव्हिजन (आवृत्तीचा कोड) बघायचं: ५८० ला ई७, ५७० ला ईएफ. शेडर आणि रिव्हिजन दोन्ही जुळले तरच पुढे बोला.

सुरुवातीचे आठवडे मत फार चांगलं होतं. १०८० पीला बहुतेक गेम मध्यम-उच्च सेटिंगवर नीट, तापमान आश्चर्य वाटावं इतकं कमी, पंखे शांत. यातलं 'थंड आणि शांत' हे कौतुक आता मागे. मायनिंगच्या बायोसमध्ये कोअरचा क्लॉक आणि व्होल्टेज दोन्ही उतरवलेले असतात, मग कार्ड थंड राहील नाही तर काय! जीपीयू-झेडमध्ये 'डिफॉल्ट क्लॉक' ११५० च्या आसपास दिसला (मूळ बूस्ट १३४० मेगाहर्ट्झ) तर तिथेच शंका घ्या.

आता खरा मुद्दा. एचडब्ल्यूइन्फो या सेन्सर वाचणाऱ्या प्रोग्रॅममध्ये सेन्सरच्या यादीत खाली 'जीपीयू मेमरी एरर्स' अशी एक ओळ असते. जुन्या पोलारिस (४७० ते ५८० मधल्या चिपांचं घराणं) कार्डाबद्दल ही एक ओळ बाकी सगळ्या फोटो-व्हिडिओंपेक्षा जास्त सांगते. जीडीडीआर५ मध्ये, म्हणजे या कार्डाच्या मेमरीत, चुकलेली देवघेव पकडून पुन्हा पाठवण्याची सोय असते, त्यामुळे स्क्रीनवर डाग न दिसताही आत चुका होत राहतात. फ्रेम अडखळतात आणि एखाद्या दिवशी ड्रायव्हर मान टाकतो. मायनर १५०० मेगाहर्ट्झसाठीचे कडक टायमिंग (मेमरीला प्रत्येक कामासाठी दिलेला वेळ) १७५० आणि २००० च्या जागी चिकटवतात. मायनिंगला ते फायद्याचं, कारण तुरळक चुका तिथे खपून जातात. गेमला नाही.

तपासणी अशी: अर्धा तास पूर्ण लोड द्या. आकडा शून्यच हवा. 'दोन-चारच आहेत' हे चालणार नाही. वाढत असेल तर मेमरी २००० वरून १९००, मग १७५० वर आणा. थांबला तर संशय टायमिंगवर. मूळ बायोस घालून, क्लॉक उतरवूनही वाढतच राहिला तर चिप किंवा सोल्डर गेलंय. त्या कार्डाची किंमत फक्त सुट्या भागांची.

दुरुस्ती: कार्डाच्या कडेला बारीक बायोस स्विच असेल तर पीसी बंद करून तो सरकवा, दुसऱ्या बाजूचा बायोस पुष्कळदा न बदललेला, मूळचाच सापडतो. दोन्ही बिघडवलेल्या असतील तर आधी आहे तो बायोस जीपीयू-झेडमधून सेव्ह करा, मगच मूळ फाइल शोधा. नुसतं मॉडेल जुळून भागत नाही, मेमरीचा मेकही जुळावा लागतो. एकाच मॉडेलमध्ये सॅमसंग, हायनिक्स, मायक्रॉन अशा वेगवेगळ्या चिपा येतात, आणि फाइलमध्ये तुमच्या चिपचं टायमिंग नसेल तर डाग पडतात किंवा डिस्प्लेच येत नाही.

मूळ बायोसवर आकडा शून्य आणि काळी स्क्रीन बंद. पण आता १८५ वॉटची खरी उष्णता बाहेर पडते आणि पंखे ऐकू येतात. चिपची उष्णता हीटसिंककडे नेणारी पेस्ट बदलावी लागली, मेमरीवरचे थर्मल पॅडही कडक झाले होते. पॅडची जाडी मोजूनच घ्या. जाड बसवले तर हीटसिंक चिपला टेकत नाही आणि तापमान उलट वाढतं. चिपभोवतीचे चार स्क्रू तिरपे, थोडे थोडे आवळायचे.

भाव ठरवताना लोक मागतात ते आकडे सोडा, प्रत्यक्ष विकलेल्या कार्डांचे पाच-सहा बघा, दोन्ही टोकं वगळून मधला धरा. त्यातून घरघरणारा पंखा, पॅड-पेस्ट यांचा खर्च वजा करा. ४ जीबीचं असेल तर ८ जीबीच्या भावाशी तुलनाच नको. एव्ही१ डीकोड (या नव्या व्हिडिओ फॉरमॅटसाठीची हार्डवेअरमधली सोय) या कार्डात नाही, तेही भाव करताना बोलून दाखवा. आणि पॉवर सप्लायला ८ पिनची वायर नसेल तर तो खर्चही याच हिशेबात धरा, कारण साटाच्या (हार्ड डिस्कला वीज देणाऱ्या) कनेक्टरमधून १२ व्होल्टवर ५४ वॉटच मिळतात आणि ८ पिनचं कार्ड १५० पर्यंत मागू शकतं. साटावरून ८ पिन काढणारा स्वस्तातला अडॅप्टर लावला की आधी तोच वितळतो.