हलतं टेबल, नऊ महिन्यांनंतर: सराफ बाजाराच्या मातेऱ्यावरचा अनुभव

आमचा धंदा झारेकऱ्याचा. सोनारांच्या दुकानातलं मातेरं, म्हणजे झाडलेला केर, उचलायचं, जाळायचं, धुवायचं आणि त्यातून निघालेलं सोनं आटवून द्यायचं. आजोबा नाशिकला गोदाकाठी परात घेऊन बसायचे. वडील, म्हणजे आमचे अण्णा, अंबडला शेड घेईपर्यंत वाड्याच्या मोरीतच धूत होते. मागच्या दसऱ्याला मी शेकिंग टेबल घेतलं. खाणीत दळलेल्या दगडातून वाहत्या पाण्यावर जड खनिज वेगळं काढतात, त्या यंत्राचा हा धाकटा भाऊ. तेव्हापासून चार-पाच जणांनी फोन करून एकच विचारलं, ‘घ्यावं का?’ प्रत्येकाला तासभर सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो. कंपनीचं नाव देत नाही. बरं-वाईट दोन्ही लिहायचं आहे, आणि नावावरून वाद घालायला मला वेळ नाही.

आधी माल काय असतो ते सांगतो, कारण सगळं त्यावर अवलंबून आहे. कानशीचा कीस, बफचे (पॉलिशच्या कापडी चाकाचे) धागे, एमरी कागदाची पूड, केस, चहाचे कागदी कप, सोनं आटवायच्या फुटक्या मुशी, आटवताना घातलेल्या टाकणखाराची काच झालेली ढेकळं, आणि बाजारातली माती. ही माती साधी नाही. आपल्याकडचा खडक काळा बेसाल्ट, त्यामुळे गोदेच्या वाळूत काळी जड वाळू भरपूर. तिच्यात मॅग्नेटाइट, म्हणजे चुंबकाला चिकटणारं लोखंडाचं खनिज असतं, ते पाण्याच्या पाचपट जड. पूर येऊन गेला की नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून गेलेला गाळ सराफ बाजाराच्या आणि भांडी बाजाराच्या गटारात बसतो. २०१९ च्या पुरानंतर आम्ही तो गाळ महिनाभर उपसत होतो. परातीत सोनं आणि काळी वाळू शेवटपर्यंत एकमेकांना सोडत नाहीत, हे ज्यानं धुतलंय त्याला ठाऊक आहे.

यंत्र दिसायला अगदी साधं. चार फूट बाय दोन फूट फायबरची पाटी, एका बाजूला किंचित उतरती. पाटीवर लांबीच्या दिशेनं बारीक पट्ट्या, त्यांना रिफल म्हणतात. वरच्या कडेनं पाण्याची पन्हाळ. एका टोकाला अर्ध्या एचपीची मोटर, आणि ती पाटीला जो झटका देते त्यातच सगळी करामत आहे. पाटी पुढे सावकाश जाते आणि मागे फटकन येते. आई सुपात तांदूळ आसडताना जो हिसका देते, तसाच. त्या हिसक्यानं तळाशी बसलेला जड कण पट्टीच्या आडोशानं पुढे सरकत राहतो, आणि वर तरंगणारा हलका कण आडव्या पाण्याबरोबर पट्टीवरून उडी मारून खाली जातो. शेवटच्या कोपऱ्यात जड माल पडतो, मधे मधला आणि खालच्या कडेनं टाकाऊ.

‘हे काढलं कुणी?’ अण्णांनी पहिल्याच दिवशी विचारलं. अमेरिकेत कोलोरॅडोच्या खाणींमध्ये विल्फ्ली नावाच्या माणसानं १८९० च्या दशकात ही पाटी बसवली, म्हणून तिला विल्फ्ली टेबल म्हणतात. अण्णा म्हणाले, ‘त्याच्या घरी सूप असणार.’

हिशेब सोपा आहे. चोख सोन्याची घनता १९.३, वाळूची २.६५. दोन्हींतून पाण्याचा एक वजा केला की १८.३ आणि १.६५, म्हणजे अकरा पटींचा फरक. हे गुणोत्तर अडीचच्या वर असलं की पाण्यावर काम नीट होतं. दागिन्याचं सोनं थोडं हलकं, बावीस कॅरेट सतरा-अठराच्या आसपास आणि अठरा कॅरेट पंधरा-सोळा, तरी वाळूपुढे प्रश्नच नाही. अडतं ते लोखंडावर. कानशीचा लोखंडी चुरा ७.८ चा, तिथे गुणोत्तर जेमतेम अडीचवर येतं. म्हणून टेबलाआधी चुंबक फिरवायचाच. मॅग्नेटाइटही त्यातच निघून जातं आणि काळ्या वाळूची अर्धी कटकट संपते. चुंबकाला कापड गुंडाळून फिरवा आणि जे चिकटेल ते पुन्हा एकदा पाण्यात हलवून बघा. लोखंडाच्या गुंत्यात कीस अडकून येतो.

आता पहिले दोन महिने. ते वाईट गेले.

पहिल्या दिवशी टेबल नुसतं फरशीवर ठेवून चालू केलं. दहा मिनिटांत ते चालत चालत भिंतीपाशी गेलं. पाटीचा झटका पाटीलाच मिळायला हवा, पाय हलले तर तो फरशीत विरतो. मग दीड फूट खोल काँक्रीटचा ठोकळा ओतला आणि त्यात बोल्ट गाडले. विकणाऱ्यानं ‘कुठेही ठेवा’ असं सांगितलं होतं. कुठेही ठेवू नका.

दुसरी गोष्ट पाण्याची. ही मात्र सविस्तर लिहितो, कारण माझे सगळ्यात जास्त पैसे इथेच वाहून गेले. मी टेबलाला थेट पंपाचं पाणी जोडलं. शेजारच्या शेडमध्ये वेल्डिंग सुरू झालं की व्होल्टेज पडायचं, पंप मंदावायचा, पाणी कमी व्हायचं आणि वाळू पट्ट्यांमध्ये दाटायची. वेल्डिंग थांबलं की पाणी एकदम जोरात यायचं आणि दाटलेलं सगळं धुवून न्यायचं, सोन्यासकट. मी उभा राहून नळ कमी-जास्त करत होतो आणि टेबलच खराब आहे अशी माझी खात्री झाली होती. शेवटी पाचशे लिटरची टाकी आठ फुटांवर चढवली, तिला वरून सांडणारी नळी ठेवली, म्हणजे पातळी कायम तेवढीच राहते, आणि त्या टाकीतून पाणी सोडलं. त्याच दिवशी पाटीवर पहिल्यांदा ओळी पडल्या. खाली करडा पट्टा, मधे काळा पट्टा, आणि वरच्या कोपऱ्यात शिवणाच्या दोऱ्याएवढी पिवळी रेघ. रेघ हलत नाही, कण मात्र तिच्यातून सारखे पुढे जात असतात. मुलगा मोबाइलवर शूटिंग करत होता. अण्णा उठून आले आणि काही न बोलता परत जाऊन बसले.

नंतर त्यांनी टाकाऊच्या बादलीतून मूठभर माल घेतला, परातीत चार वळसे दिले आणि परात माझ्यासमोर धरली. काठाला पाच-सहा पिवळे ठिपके. ‘हे काय?’

हे तेलाचं काम होतं. पॉलिशच्या बफला जो साबणासारखा मसाला लावतात त्यात चरबी असते. चरबी लागलेला बारीक पापुद्रा पाण्याखाली जातच नाही, वर पोहत जातो. पाण्याच्या एकोणीसपट जड सोनं पाण्यावर तरंगताना मी स्वतः पाहिलंय, विश्वास बसत नसेल तर पॉलिशची पूड ग्लासात टाकून बघा. उपाय दोन. मातेरं अर्धवट न जाळता पूर्ण राख होईपर्यंत जाळायचं. आणि टेबलावर सोडण्याआधी कालवताना भांड्यांच्या साबणाचे दोन-चार थेंब घालायचे. आमच्या पोरानं एकदा मूठभर धुण्याची पावडर टाकली, तर पाटीवर असा फेस चढला की काही दिसेना.

तिसरी गोष्ट चाळण्याची. परातीत हात स्वतःच सगळं सांभाळतो, टेबलाला ते कळत नाही. जाड-बारीक एकत्र सोडलं की जाड सोन्याचा कण आणि अगदी बारीक वाळूचा कण पाटीवर एकाच जागी येतात आणि मधल्या खान्यात एकत्र पडतात. म्हणून आम्ही आता ३०, ६० आणि १०० मेशच्या (मेश म्हणजे एका इंचात किती भोकं, आकडा मोठा तितकी चाळणी बारीक) चाळण्या ठेवल्यात आणि प्रत्येक चाळणीचा माल वेगळा चालवतो. जाड मालाला झटका लांब आणि सावकाश, उतार थोडा जास्त. बारीक मालाला झटका आखूड आणि भराभर, उतार अगदी कमी, पाण्याचा थर पातळ. आकडेच हवे असतील तर आमचं टेबल जाडाला साधारण १८ मिलिमीटर आणि मिनिटाला २६० झटके, बारकाला १० मिलिमीटर आणि ३०० झटके असं चालतं. तुमचं वेगळं असेल. माल पाण्यात कालवून सोडताना वजनानं चौथा हिस्सा माल आणि बाकी पाणी, एवढं पातळ हवं.

मुशींबद्दल एक सांगायचं राहिलं. फुटक्या मुशीच्या अंगात सोन्याचे मणी रुतलेले असतात. त्या आम्ही बॉल मिलमध्ये, म्हणजे आत गोळे असलेल्या फिरत्या पिंपात, दळतो. मूस दळली जाते, सोनं दळलं जात नाही, चेपून पापडी होतं. त्यामुळे थोडं दळून चाळलं की मोठ्या पापड्या चाळणीवरच हाती लागतात, त्यांना टेबलाची गरजच नाही. पण ‘अजून बारीक करू’ म्हणून तासभर जास्त फिरवलं तर त्याच पापड्या इतक्या पातळ होतात की पाणी त्यांना पानासारखं उचलून नेतं. आम्ही आता वीस मिनिटं, चाळणी, परत वीस मिनिटं असं करतो.

मोडतोड. चौथ्या महिन्यात झटक्याची स्प्रिंग तुटली. विकणाऱ्याचा माणूस ‘उद्या येतो’ म्हणत एकोणीस दिवस आला नाही. शेवटी सातपूरला एका स्प्रिंगवाल्याकडून जुन्या तुकड्यावरून नवी करून घेतली, ती अजून चालू आहे. मोटरचा कपॅसिटर एकदा गेला, ते किरकोळ. पाटीवर जिथे माल पडतो तिथला फायबरचा वरचा थर घासून खरखरीत झालाय आणि तिथे बारीक सोनं अडकून राहतं. दर आठवड्याला मऊ ब्रशनं तो कोपरा धुऊन घ्यावा लागतो. पुस्तिकेत झटका कसा बदलायचा याचं एक चित्र आहे आणि ते उलटं छापलंय.

आवाज मात्र मला वाटला होता त्याहून कमी. दुपारी अण्णा त्याच्या शेजारी खुर्चीत डुलकी काढतात.

पाणी बाहेर सोडत नाही. तीन पिंपं एकाखाली एक ठेवलीत, गाळ बसतो, वरचं पाणी पुन्हा टाकीत जातं. मात्र तेच पाणी आठवडाभर फिरवलं की गढूळ आणि जड होतं, आणि बारीक सोनं खाली बसायचं विसरतं. रात्री तुरटी फिरवून ठेवली की सकाळी पाणी निवळतं. आणि १०० मेशखालचा जो पिठासारखा गाळ राहतो, त्यावर टेबलानं डोकं आपटू नये. आम्ही तो सुकवून पोत्यात भरतो आणि रिफायनरीला नमुना काढून विकतो. ‘सगळं सोनं निघतं’ असं कुणी सांगितलं तर त्याला हे पीठ दाखवा.

मग घेतल्याचा फायदा काय? माझ्यापुरता पहिला फायदा पारा बंद झाला हा. पूर्वी शेवटचा बारीक माल पाऱ्यात घोळून, मग पारा उडवून सोनं घ्यायचो. पारा ३५७ अंशांना उकळतो, आणि शेडचं दार उघडं असलं तरी वाफ जायची ती नाकातच. अण्णांचा उजवा हात कापतो. डॉक्टरांनी वयाचं म्हणत म्हणत शेवटी धंदा काय हे विचारलं होतं. आता कोपऱ्यातला जड माल परातीत एक शेवटचा हात मारून थेट टाकणखार घालून मुशीत जातो. पूर्वी ज्या पोत्याला दोन माणसांचा पूर्ण दिवस जायचा, ते आता दुपारपर्यंत उरकतं. सोनं तोळ्याला लाखावर गेल्यापासून सोनारही मातेऱ्याचा हिशेब चोख मागतात. बंगाली कारागीर तर आता येऊन टेबलापाशी उभे राहून स्वतःच्या पोत्याची रेघ बघतात. त्यानं भांडणं कमी झालीत.

छोट्या माणसानं, ज्याच्याकडे महिन्याला दोन-तीन पोतीच येतात, त्यानं घेऊ नये. चाळण्या, चुंबक, टाकी आणि एक चांगली परात एवढ्यात त्याचं भागतं. घेणारच असाल तर तुमचं स्वतःचं एक पोतं घेऊन जा, समोर चालवून घ्या आणि टाकाऊ माल घरी आणून परातीत बघा. विकणारा कुरकुर करेल.

पहिल्या दोन महिन्यांचा, म्हणजे टाकी चढवण्याआधीचा टाकाऊ माल आमच्याकडे अकरा पोती साठला होता. तो पुन्हा चालवायचं ठरवलं तोवर सात पोती मीच शेजारच्या वेल्डिंगवाल्याला फरशीखाली भराव म्हणून देऊन बसलो होतो. उरलेल्या चार पोत्यांत जे निघालं त्यावरून सातांचा हिशेब अण्णांनी मनातल्या मनात केलाय. आकडा ते सांगत नाहीत. पण शेजारच्या शेडमध्ये चहाला गेले की चप्पल बाहेर काढून जातात.