तेलविहिरीतलं पाणी अडवणारं क्रोमियम जेल: आठ महिन्यांचा अनुभव

मी नागपूरचा, नोकरी गुजरातच्या तेलक्षेत्रावर. १४ दिवस तिकडे, १४ दिवस घरी. लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट या तिथल्या तंत्रज्ञान संस्थेतली (आता विद्यापीठ) ज्युनियर मंडळी दर सुट्टीत या जेलबद्दल विचारतात, म्हणून सविस्तर लिहितोय.

आमच्या जुन्या विहिरी तेलापेक्षा पाणीच जास्त देतात. ते उपसायला वीज लागते, वेगळं करायला खर्च येतो. ते पाणी आतच अडवायला हे जेल. पॉलिअ‍ॅक्रिलामाइड या पॉलिमरची भुकटी पाण्यात विरघळवायची, त्याला बांधून ठेवणारं (क्रॉसलिंकर) क्रोमियम अ‍ॅसिटेट मिसळायचं आणि पातळ असतानाच विहिरीत सोडायचं. आतल्या उष्णतेने ते खरवसासारखं थिजतं. हे क्रोमियम त्रिसंयुजी असतं, विषारी षट्संयुजी नव्हे. तरी हातमोजे हवेतच.

दोन विहिरींत वापरलं. पहिलीत पाणी एका भेगेतून येत होतं. तिथे जेल बसलं, पाणी स्पष्ट कमी झालं आणि आठ महिन्यांनंतरही बऱ्यापैकी टिकून आहे. दुसरीत पाणी तळातून शंकूसारखं वर चढत होतं. तिथे तीन आठवड्यांत परिस्थिती जैसे थे! माल तोच, माणसं तीच. पाणी कुठून येतं हे न तपासता जेल सोडणं ही आमची चूक होती, आणि तिचं मला आजही वाईट वाटतं.

मिसळण्यात घाई अजिबात नको. भुकटी एकदम ओतली की पिठल्यात बेसनाच्या होतात तशा गुठळ्या होतात आणि त्या खडकाची छिद्रं बुजवतात. पुरवठादाराच्या तक्त्यातले थिजण्याचे तास गोड्या पाण्यावरचे निघाले. आमचं पाणी खारं, त्यात कॅल्शियम भरपूर. हे आधी कुणी सांगितलं नाही, याचा राग आहे.

तेव्हाच जेलच्या दोन सीलबंद बाटल्या नागपूरला आणून ठेवल्या: एक नळाच्या पाण्यातली, एक विहिरीच्या. मे महिन्याचा उन्हाळा दोघींनी काढला. पहिली आडवी केली की जेलची जीभ जराशी पुढे येते आणि थांबते. दुसरीला दह्यासारखं पाणी सुटलंय, गोळा आक्रसलाय. विहिरीतलं तापमान वेगळं असतं, त्यामुळे हा पुरावा नाही. पण चाचणी त्याच विहिरीच्या पाण्यात आणि तिच्याच तापमानाला करा, एवढं नक्की. फार गरम विहिरींसाठी सेंद्रिय क्रॉसलिंकरची जेलं वेगळी मिळतात, ती मी वापरलेली नाहीत.

तिसऱ्या विहिरीचं काम पुढच्या फेरीत आहे. या वेळी आधी लॉगिंग (विहिरीत उपकरणं सोडून मोजमाप) करून पाण्याचा थर शोधायचा, मगच भुकटीचं पोतं फोडायचं.