अल्फा योक, ब्राव्हो थ्रॉटल आणि टाइल्सवर पळणारे पेडल

सहा महिने वापरून मग लिहितोय, पहिल्या आठवड्यात लिहिलं असतं तर नुसतं वा वा केलं असतं. टेबलावर हनीकॉम्बचा अल्फा योक (विमानाचं स्टीअरिंग) आणि ब्राव्हो थ्रॉटल (इंजिनाची पॉवर कमी-जास्त करायचे लिव्हर), पायाखाली दुसऱ्याच कंपनीचे रडर पेडल (नाक डावी-उजवीकडे वळवायला), आणि उडवतो बहुतेक सेसना १७२ हे एका इंजिनाचं छोटं विमान, कॉम्प्युटरवर, एक्स-प्लेन १२ या फ्लाइट सिम्युलेटरमध्ये. आधी साधी जॉयस्टिक होती, तिचा पोटेन्शिओमीटर (हालचाल मोजणारा भाग) झिजला आणि विमान आपोआप डावीकडे झुकायला लागलं, मी महिनाभर वाऱ्याला शिव्या देत होतो 😄

योक १८० अंश फिरतो म्हणून सगळे त्याचं कौतुक करतात आणि ते खरंय, दोन्हीकडे ९०-९०, स्वस्तातल्या योकला एकूणच ९० मिळतात मग मनगट जरा हललं की विमान कलंडलंच. पण मला विचाराल तर पैसे वसूल होतात ते खालच्या स्विचेसमध्ये. मास्टर, ॲव्हिऑनिक्स, बीकन, लँडिंग लाइट, स्ट्रोब आणि इंजिनाची चावी. रनअपला, म्हणजे उडण्याआधीच्या इंजिन तपासणीला, १८०० आरपीएमवर न्यायचं, चावी आर वर (फक्त उजवा मॅग्नेटो, म्हणजे इंजिनाला ठिणगी देणारा भाग), परत बोथ (दोन्ही), मग एल (फक्त डावा), दोन्ही वेळा आरपीएम थोडेसे पडले पाहिजेत, १५० च्या वर पडले तर उडायचं नाही. हेच माउसने करणं म्हणजे हातमोजे घालून शेंगा सोलणं. फक्त फ्लाइट नेहमी इंजिन बंद ठेवूनच सुरू करा, नाहीतर स्क्रीनवर इंजिन चालू आणि टेबलावरची चावी ऑफ असा घोळ होतो.

ब्राव्होबद्दल थोडं जपून. खऱ्या १७२ मध्ये थ्रॉटल म्हणजे आत-बाहेर होणारी काळी मूठ आणि मिक्श्चरची (हवेत इंधन किती मिसळायचं त्याची) लाल, इथे लिव्हर आहेत, त्यामुळे हुबेहूब सेसनाच हवं असेल तर हे ते नाही. दोन इंजिनवालं किंवा जेट उडवणार असाल तर मस्त. मी मात्र त्याच्या ट्रिम व्हीलवर, म्हणजे सतत जोर न लावता नाक हवं तिथे ठेवायच्या चाकावर, फिदा आहे! खऱ्या विमानात ट्रिम फिरवला की योकवरचा जोर जातो, आपल्या योकला नुसती स्प्रिंग, म्हणून योक हळूहळू मधे आणत चाक फिरवत राहायचं, ही सवय लागायला मला आठवडा गेला पण आता कीबोर्डवर ट्रिम करायची कल्पनाच नको वाटते.

आता पेडल. कंपनीचं नाव घेत नाही, दोन पावलं इतकी जवळ येतात की स्कूटरवर पुढे पिशवी ठेवून बसल्यासारखं वाटतं. वर आपल्याकडच्या गुळगुळीत टाइल्स, टेकऑफला पॉवर दिली की सेसनाचं नाक डावीकडे ओढतं म्हणून उजवा पाय दाबायचा, तर पेडल पुढे सरकतात आणि चाकाची खुर्ची मागे पळते, म्हणजे विमान सोडून बाकी सगळं टेकऑफ घेतं. शेवटी आईकडचा जुना पाट भिंतीला टेकवून त्यावर पेडल स्क्रूने बसवले आणि खुर्ची काढून डायनिंगची आणली. आईने पाटाचं अजून विचारलेलं नाही.

एवढं होऊनही सांगतो, पैसे बेताचे असतील तर आधी पेडल घ्या, मग योक, ब्राव्हो सगळ्यात शेवटी. मी उलट्या क्रमाने घेतलं आणि तीन महिने रडर ऑटोवर ठेवून उडवत बसलो, ते जवळजवळ वायाच. सगळं मिळून एका बऱ्या सेकंडहँड बाइकचे पैसे गेले, बाहेरून मागवलं तर कस्टम ड्यूटी वेगळी धरा.

परवा लोहगावला रनवे २८ वर डावीकडून वारा लावून उतरलो, डावा पंख खाली, उजवा पाय दाबलेला, ६५ नॉट्स, आधी डावं चाक टेकलं मग उजवं. पाट जागचा हलला नाही.