सुपर ८ की १६ मिमी? नागपुरात जुन्या चित्रपटांचा संग्रह सुरू करताना

जुने चित्रपट प्रत्यक्ष फिल्मवर जमवायचे आणि घरच्या पडद्यावर लावायचे असे एकदा ठरले, की पहिला प्रश्न येतो तो फिल्मच्या रुंदीचा. जुन्या प्रती मुख्यतः दोन मापांत हाती लागतात. एक कोडॅकने १९२३ साली आणलेली १६ मिमी आणि दुसरी त्याच कंपनीची १९६५ सालची, ८ मिमी रुंदीची सुपर ८. बहुतेक जण चित्र किती स्पष्ट दिसते यावरून निवड करतात. नागपुरात राहणाऱ्याने मात्र आपल्याला कोणते चित्रपट हवे आहेत आणि आपल्या उन्हाळ्यात ते किती टिकतील, या दोन गोष्टी आधी पाहाव्यात. त्या हिशेबाने माझे झुकते माप १६ मिमीला आहे.

सुपर ८ वरील तयार चित्रपटांची बाजारपेठ प्रामुख्याने अमेरिका आणि युरोपातील घरांसाठी उभी राहिली. कॅसल फिल्म्ससारख्या कंपन्या मोठ्या चित्रपटांतील निवडक प्रसंग जोडून २०० किंवा ४०० फुटांच्या संक्षिप्त आवृत्त्या विकत असत, ब्लॅकहॉकने लॉरेल आणि हार्डी यांचे विनोदपट घराघरांत पोहोचवले, तर इंग्लंडच्या डेरॅनने पूर्ण लांबीचे चित्रपटही या मापात काढले. ज्याला मूकपट आणि छोटे विनोदपट प्रिय आहेत, त्याच्यासाठी हा खरोखर खजिना आहे. परंतु हिंदी किंवा मराठी चित्रपटाची सुपर ८ प्रत इतक्या वर्षांत माझ्या हाती एकदाही आलेली नाही. आपल्याकडे शाळा, फिल्म सोसायट्या, केंद्र सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनचे माहितीपट आणि गणेशोत्सवात रस्त्यावर पांढरा पडदा बांधून होणारे खेळ हे सारे १६ मिमीवर चालले, त्यामुळे आपल्या भाषेतले जे काही उरले आहे ते याच मापाच्या डब्यांत सापडते.

जागेचा हिशेब सुपर ८ च्या बाजूने जातो, हे मान्य केले पाहिजे. सेकंदाला २४ चौकटी (फ्रेम) या वेगाने सुपर ८ मिनिटाला २० फूट सरकते आणि १६ मिमी ३६ फूट. अडीच तासांच्या चित्रपटासाठी सुपर ८ चे ३,००० फूट, म्हणजे ४०० फुटांची आठ छोटी रिळे पुरतात. १६ मिमीला ५,४०० फूट लागतात, म्हणजे १,६०० फुटांची चार जड रिळे. चित्राच्या बाबतीत पारडे उलटते, कारण १६ मिमीच्या चौकटीचे क्षेत्रफळ सुपर ८ च्या तिपटीहून अधिक असते. दिवाणखान्यात पाच-सहा फुटांच्या पडद्यावर सुपर ८ सुरेख दिसते. हिवाळ्यात गच्चीवर शेजाऱ्यांना बोलावून दहा फुटांचा पडदा लावायचा असेल, तर मात्र १६ मिमीच हवी.

खरा फरक आवाजात आणि उन्हात आहे. १६ मिमीच्या बहुतेक बोलपटांत ध्वनी प्रकाशीय असतो, म्हणजे चित्राशेजारच्या पट्टीवर छायाचित्रासारखाच छापलेला, त्यामुळे चित्र टिकले की आवाजही टिकतो. सुपर ८ च्या बोलपटांवर बहुधा कडेला चुंबकीय पट्टी चिकटवलेली असते. ही पट्टी नवीन असताना फार गोड वाजते, पण तिच्यातील लोहाचे ऑक्साइड अ‍ॅसिटेट या प्लास्टिकवर बनलेल्या फिल्मचे विघटन लवकर घडवून आणते. या विघटनात अ‍ॅसिटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधलेच आम्ल, सुटते, फिल्म आक्रसते, वाकडी होते, आणि एका रिळाची वाफ शेजारच्या रिळालाही बिघडवते. उष्णता आणि दमटपणा हे दोन्ही या क्रियेला वेग देतात, आणि नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो. त्यातून आपण कूलर लावतो, जो खोली गार करताना हवेत दिवसरात्र पाणी सोडत असतो. कूलरच्या खोलीत किंवा माळ्यावर फिल्म कधीही ठेवू नये. पश्चिमेच्या भिंतीला न लागलेले, तळमजल्यावरील आतल्या खोलीचे कपाट त्यातल्या त्यात बरे.

डबा उघडताच नाक जवळ न्यावे. व्हिनेगरचा वास आला तर ती प्रत कितीही दुर्मिळ असली तरी इतर रिळांपासून दूर ठेवावी. मग रीळ आडवे धरून त्याच्या कडेतून दिव्याकडे पाहावे. कडेतून उजेड झिरपला तर फिल्म पॉलिएस्टर या दुसऱ्या प्लास्टिकची आहे आणि तिला या रोगाचे भय नाही. कड काळपट, बंद दिसली तर अ‍ॅसिटेट. अनेक उत्तरकालीन सुपर ८ प्रती पॉलिएस्टरवर आहेत, आणि सुपर ८ घ्यायचीच असेल तर त्याच शोधाव्यात. पॉलिएस्टर तुटत नाही, त्यामुळे फिल्म अडकल्यास इजा प्रोजेक्टरला होते, आणि तिचे जोड फिल्म-सिमेंट नावाच्या गोंदाने बसत नसल्याने टेप वापरावी लागते, एवढे ध्यानात ठेवावे.

रंगीत प्रतींबाबत मी पोळलो आहे. ‘रंग उत्तम’ असे सांगून टपालाने आलेली दोन रिळे पडद्यावर आली तेव्हा आकाश, झाडे, नायिकेची साडी, सगळे एकाच गुलाबी छटेचे निघाले. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतच्या ईस्टमनकलर या कोडॅकच्या रंगीत फिल्मवरील प्रतींतील निळसर रंगद्रव्य अंधारात ठेवले तरी उडते, आणि उष्णतेत आणखी लवकर. कृष्णधवल चित्र चांदीचे असते, ते नीट धुतलेले असेल तर पिढ्यान्‌पिढ्या राहते. म्हणून नवख्याने पहिली पाच-सहा वर्षे फक्त कृष्णधवल प्रती घ्याव्यात.

प्रोजेक्टर दोन्ही मापांचे जुनेच मिळतात. सुपर ८ यंत्रांचे रबरी पट्टे आणि चाके वयाने चिघळतात, तर १६ मिमीची यंत्रे वर्गखोल्यांतल्या दणक्यासाठी बांधलेली असल्याने साधा मेकॅनिकही ती उघडून दुरुस्त करू शकतो. अनेक १६ मिमी यंत्रांना लागणारा २४ व्होल्ट २५० वॅटचा हॅलोजन बल्ब आजही मिळतो.

केवळ जमवायचे नसून नवी प्रत काढून वितरित करायची असेल, तर मापाआधी हक्क पाहावेत. भारतीय कायद्यानुसार चित्रपटावरील हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे असतो, म्हणजे १९६० चा चित्रपट १ जानेवारी २०२१ ला मुक्त झाला. मात्र त्यातील मूळ कथा आणि गीते यांचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे चालतो, आणि तो वेगळा तपासावा लागतो. जाहीर खेळासाठी सेन्सॉरचे प्रमाणपत्रही लागते. हे सारे जुळले, तर नवी प्रत १६ मिमीवर, कृष्णधवल, पॉलिएस्टरवर आणि प्रकाशीय ध्वनीसह काढावी, आणि डब्याच्या आत प्रयोगशाळेचे नाव व तारीख लिहिलेला कागद ठेवावा, कारण पुढे ते रीळ उघडणाऱ्याला त्याची प्रकृती समजण्यासाठी तोच पहिला आधार असतो.