जुनी आन्शुट्झ, नवा साज: पैसे कोणत्या भागावर घालावेत?

राज्य पातळीवर ५० मीटर प्रोन (झोपून) किंवा थ्री पोझिशन (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून) नेमबाजी खेळणाऱ्या अनेकांच्या हातात आन्शुट्झ या जर्मन कंपनीची जुनी १९१३ किंवा १९०७ मॉडेलची रायफल असते. कुणाकडे क्लबची, कुणी सीनियर नेमबाजाकडून परवान्यावर घेतलेली. गुण अडले की नवी रायफल घ्यायचे विचार सुरू होतात. हा रिव्ह्यू दुसऱ्या वाटेचा आहे: बॅरल, ॲक्शन (बोल्ट असलेला मधला भाग) आणि ट्रिगर तेच ठेवायचे, स्टॉक (ज्यात हे सगळं बसतं तो दांडा), बटप्लेट (खांद्याला टेकणारी प्लेट), साइट (नेम धरायचं साधन), ट्यूब (बॅरलच्या टोकाला लावायची नळी) हे मात्र बाजारातल्या वेगळ्या कंपन्यांचे बसवायचे. थोडक्यात निकाल असा, की बटप्लेटचे पैसे वसूल होतात, साइटचे बहुतेकदा होतात, ॲल्युमिनियम स्टॉकचे क्वचित. आणि या तिन्हींच्या आधी काडतुसांचे लॉट (कारखान्यातल्या वेगवेगळ्या खेपा) तपासण्यावर खर्च करायला हवा, जो फार थोडे लोक करतात.

आधी बॅरलवरचा संशय दूर करू. ५० मीटरच्या टार्गेटवर दहाची रिंग १०.४ मिमीची. गोळी साधारण ५.६ मिमी आणि रिंगला नुसती शिवली तरी दहा मिळतो. म्हणजे गोळीचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून ८ मिमीच्या आत असला की पुरे. हिशेब केला तर बाहेरच्या कडांवर मोजलेला २१.६ मिमीचा ग्रुपसुद्धा (गोळ्यांच्या भोकांचा पसारा) नीट मध्यावर बसवला तर सगळे दहाच. नीट राखलेली मॅच ५४ ॲक्शनची रायफल (१९०७ आणि १९१३ मध्ये हीच ॲक्शन असते) जमलेल्या लॉटबरोबर शिकंजात धरून चालवली की दहा गोळ्यांचा ग्रुप यापेक्षा बराच लहान येतो. स्वप्नील कुसळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये थ्री पोझिशनचं ब्राँझ जिंकलं, तेव्हा पात्रता फेरीत ५९० गुण घेतले होते, ६० गोळ्यांत फक्त १० गुण गेले. ५६५-५७० वर अडलेल्याचे जे गुण जातात ते बॅरलमधून जात नाहीत, खांदा आणि गाल यांच्यामधून जातात. दशांश गुणांची (१०.३, १०.७ असे) गोष्ट वेगळी. तिथे प्रत्येक दशांशाला ०.८ मिमी आहे, त्यामुळे ग्रुप दोन मिमीने आवळला तरी फायनलमध्ये फरक दिसतो.

म्हणून सुरुवात बटप्लेटपासून. मूळ रायफलीची हूकवाली प्लेट वाईट नाही, पण तिची वक्रता ठरलेली, आणि आपला खांदा तिच्याशी जुळवून घेतो. एमईसी कंपनीच्या कॉन्टॅक्टसारख्या प्लेटमध्ये वरचा आणि खालचा भाग वेगवेगळे वळवता येतात, शिवाय उंची, बाजू आणि तिरपेपणाही स्वतंत्र. पट्टीवरच्या खुणा स्पष्ट असणं हा इथला खरा गुण आहे, आणि थ्री पोझिशनवाल्याने याच कारणासाठी जास्त पैसे मोजावेत. दीड तासात नीलिंग, प्रोन, स्टँडिंग अशी २०-२० गोळ्यांची तीन पोझिशन करायची असते. प्लेट काढून घालताना खूण नसेल तर दर वेळी नव्याने शोधाशोध. निव्वळ प्रोन खेळणाऱ्याला इतकी महागडी प्लेट लागतेच असं नाही. मूळ प्लेटच्या पायाखाली तिरपेपणाचा जोड दिला तरी बरंच काम होतं.

बसवताना क्रम महत्त्वाचा: आधी लांबी, मग उंची, मग तिरपेपणा, सगळ्यात शेवटी हूक. एका वेळी एकच गोष्ट आणि तीही दोन मिमीने. बरोबर बसलं की नाही, हे गोळी सुटल्यानंतर कळतं. धक्का बसून फ्रंट साइट सरळ वर जाऊन आपल्याच टार्गेटवर परत आली तर ठीक. डावीकडे वर जाऊन शेजारच्या लेनकडे रेंगाळत असेल तर प्लेट खांद्याच्या आत किंवा बाहेर सरकलेली आहे. मान खाली खेचली जात असेल तर प्लेट फार वर चढवली आहे. इथे बरेच जण चीकपीस (गाल टेकवायचा भाग) उचलतात, आणि एका चुकीवर दुसरी चढते.

चीकपीसचा आणखी एक त्रास: तो वर घेतला की बोल्ट मागे काढता येत नाही, त्याला अडतो. सफाईसाठी चीकपीस खाली करावा लागतो आणि दुसऱ्या दिवशी त्याची जागा हरवलेली असते. स्तंभावर कायमची खूण करा किंवा अडवणारी रिंग लावा. नवीन स्टॉकमध्ये ही रिंग असते. जुन्या लाकडी स्टॉकला मार्करची रेघ चालते.

साइटकडे वळू. जुन्या रायफलीवरचा डायॉप्टर (मागची, बारीक छिद्रातून पाहायची साइट) झिजला आहे का, हे आधी बघा. पाच क्लिक उजवीकडे, पाच परत डावीकडे, दोन्ही वेळा ग्रुप काढा. ग्रुप जागेवर परत आला नाही तर आट्यांत ढिलाई आहे, आणि तेव्हा सेंट्रा स्पाय किंवा गेहमानचा डायॉप्टर घेणं सार्थ आहे. परत येत असेल तर नवा डायॉप्टर ही हौस. क्लिकचा हिशेब सोपा आहे: दोन साइटमधलं अंतर ८०० मिमी असताना मागची साइट ०.०४ मिमी सरकली की ५० मीटरवर २.५ मिमी फरक पडतो. बॅरल ट्यूब लावून अंतर ९५० मिमी केलं की तेवढ्याच सरकण्यात २.१ मिमी. ट्यूबचा हा पहिला फायदा. दुसरा असा, की फ्रंट साइट डोळ्यापासून एक मीटरवर असताना टार्गेटचा ११२.४ मिमीचा काळा गोल फ्रंट साइटमधल्या रिंगेत साधारण २.२ मिमीचा दिसतो. साइट आणखी १५ सेंटीमीटर पुढे गेली की २.६. म्हणजे ट्यूब लावल्यावर साइटमधली जुनी ३.४ मिमीची रिंग घट्ट वाटायला लागते आणि ३.८ किंवा ४.०कडे जावं लागतं. ट्यूब घेऊन जुनीच रिंग ठेवायची आणि मग 'काळा तरंगतो' म्हणून ट्यूबला नावं ठेवायची, हा प्रकार रेंजवर नेहमीचा आहे. काळ्याभोवती दिसणारा पांढरा पट्टा थोडा मोठाच बरा. आयरिस (डायॉप्टरचं लहानमोठं करता येणारं छिद्र) १.० ते १.२ मिमीच्या आसपास ठेवून प्रकाशाप्रमाणे बदलायचा. पावसाळ्यात बालेवाडीला दुपारी ढग उतरले की १.२च्या वर जायला कचरू नये.

ट्यूबची तोटी बाजूही आहे. ती बॅरलच्या टोकाला घट्ट बसायला हवी, ढिली असेल तर ग्रुप फुटतो. आणि वजन पुढे जातं, जे स्टँडिंगला आवडतं आणि नीलिंगला हात थकवतं. शिवाय आत काजळी साचते. ट्यूब काढून आतून पुसली नाही तर कधीतरी मऊ शिशाची चकती तिच्या तोंडाशी जमते आणि उगाच दोष काडतुसाला जातो. ट्यूब काढून पुन्हा लावली की झिरो (साइटची जमवलेली जागा) बदलला असं समजूनच सायटर (गुणात न धरायच्या चाचणीच्या गोळ्या) मारा.

साइटची उंची वाढवणारे रेझर घेणार असाल तर पुढचा आणि मागचा एकाच उंचीचा हवा. फक्त एक बाजू १० मिमीने उचलली तर ८०० मिमीच्या अंतरावर ५० मीटरला ६२५ मिमीचा फरक होतो. एवढं कुठलाच डायॉप्टर भरून काढत नाही. मान सरळ राहते म्हणून रेझर लोकांना आवडतात, पण बॅरलपासून साइट जितकी वर, तितका रायफल कलण्याचा दोष मोठा. कलणं आपल्या लक्षात येत नसेल तर आधी स्पिरिट लेव्हल लावा, रेझर नंतर.

आता ज्याच्यावर सर्वांत जास्त पैसे जातात तो ॲल्युमिनियम स्टॉक. दिसायला देखणा आणि सगळीकडे आकड्यांच्या पट्ट्या. कोकणात आणि गोव्यात राहणाऱ्यांना त्याचा एक फायदा खरोखर आहे: लाकडी स्टॉक जून ते सप्टेंबर ओल शोषतो, फोरएंड (स्टॉकचा पुढचा भाग) बॅरलकडे झुकतो आणि उन्हाळ्यात जमलेला ग्रुप पावसात उभा लांबतो. ॲल्युमिनियमला हे होत नाही. पण पुण्यात किंवा कोल्हापुरात कोरड्या कपाटात ठेवलेल्या, बेडिंग (ॲक्शन बसायची जागा) नीट असलेल्या लाकडी स्टॉकला बदलण्याचं कारण फारसं उरत नाही. घेणार असाल तर पाहण्याची पहिली गोष्ट म्हणजे तुमच्या ॲक्शनचा आकार: १९०० मालिकेची ५४ ॲक्शन गोल आहे, २०१३ची चौकोनी. एकाची बेडिंग दुसऱ्याला चालत नाही, आणि 'आन्शुट्झला बसतो' एवढंच सांगणाऱ्या विक्रेत्याकडून लेखी खात्री घ्या.

बसवताना ॲक्शन स्टॉकला धरणारे दोन्ही स्क्रू एम६, म्हणजे ५ मिमीची ॲलन की. पण साध्या कीने घट्ट करू नका, टॉर्क रेंच (ठरावीक जोरानेच आवळणारा पाना) विकत घ्या. स्टॉकबरोबर आलेल्या कागदावरचा आकडा पहिला. तो नसेल तर ४ न्यूटन-मीटरपासून सुरू करून अर्ध्याअर्ध्याने ५.५ पर्यंत जा, प्रत्येक आकड्यावर एकाच लॉटच्या दहा-दहा गोळ्यांचे दोन ग्रुप. जिथे दोन-तीन आकडे सारखाच ग्रुप देतात, त्याच्या मधला आकडा निवडा, एकाच जागी चमकलेला नाही. पुढचा स्क्रू आधी, मागचा नंतर, दर वेळी तोच क्रम.

बेडिंग ताण देते का, हे पाहायला आणखी एक चाचणी. रायफल पूर्ण मोकळी आहे याची खात्री करून, बॅरल आणि फोरएंड यांच्यामध्ये डायल गेज लावा, मागचा स्क्रू घट्ट ठेवून पुढचा सैल करा. सुई ०.०५ मिमीपेक्षा जास्त हलली तर ॲक्शन वाकून बसली आहे. गेज नसेल तर फटीवर बोट ठेवून स्क्रू सैल करा. सरकणं बोटाला जाणवलं तर ते नक्कीच जास्त आहे. नवीन स्टॉकने ग्रुप बिघडला म्हणून विकायला काढलेल्या अनेक स्टॉकांचा दोष इथेच सापडतो, कधी बेडिंगमध्ये अडकलेल्या धातूच्या एका कचऱ्यातही.

घामाचं मीठ आणि ॲल्युमिनियममधले पोलादी स्क्रू यांचं जमत नाही. समुद्राजवळच्या शहरात दर महिन्याला स्क्रू काढून, पुसून, हलकं ग्रीस लावून परत घाला, नाहीतर वर्षभरात चीकपीसचा स्क्रू जागेवरच राहतो आणि ॲलन की गोल होते. वजनाचंही बघा. ५० मीटरला ८ किलोची मर्यादा आहे. ॲल्युमिनियम स्टॉक, ट्यूब, प्लेट, हँडस्टॉप (पुढचा हात अडवणारा तुकडा) आणि एकदोन वजनं लावली की सात किलोच्या पुढे सहज जातं. स्पर्धेच्या आदल्या दिवशी इक्विपमेंट कंट्रोलमध्ये नाही, महिनाभर आधी काट्यावर टाका.

ट्रिगरबद्दल थोडक्यात. आन्शुट्झचा टू-स्टेज (दोन पायऱ्यांत दाबायचा) ५०१८ ट्रिगर चांगलाच आहे, बदलण्याची गरज नाही. वजन १०० ग्रॅमच्या आसपास. हलका करण्यापेक्षा दुसरी पायरी स्पष्ट जाणवेल असा ठेवा. काहीही फिरवल्यावर रिकाम्या रायफलीचा बोल्ट बंद करून बटला रबरी हातोडीने हलके ठोके द्या. फायरिंग पिन पडली तर ट्रिगरची पकड फार बारीक झाली आहे, लगेच मागे घ्या. मग बोल्टमधली स्प्रिंग: जुन्या रायफलीत ती थकते आणि उडवणीची ताकद बदलते. रिकाम्या खोळींच्या कडेवरचे ठसे भिंगाखाली पाहा. एकाच लॉटच्या दहा खोळींवर काही खोल, काही उथळ दिसले तर स्प्रिंग बदला. या यादीतला हा सर्वांत स्वस्त सुटा भाग आहे आणि उभे फुटलेले ग्रुप त्यानेच सुधारण्याची शक्यता मोठी.

कायद्याची बाजू टाळू नका. शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये शस्त्राच्या व्याख्येत त्याचे सुटे भागही येतात, आणि दुरुस्ती-फेरफाराला परवाना लागतो. बॅरल, ॲक्शन, बोल्ट यांना हात लावायचा तो परवानाधारक गनस्मिथने. परदेशातून स्टॉक किंवा साइट मागवताना क्लब आणि राज्य संघटनेमार्फत कागद नीट करा. कस्टममध्ये अडकलेल्या पार्सलची किंमत मालाहून जास्त वाटू लागते.

राहिला लॉटचा विषय, ज्याच्यासाठी हे सगळं. एली टेनेक्स, आरडब्ल्यूएस आर५०, लापुआ सेंटर-एक्स किंवा मिडास प्लस, आणि खिशाला परवडणारा एसके रायफल मॅच: प्रत्येकाचे दोन-तीन लॉट, प्रत्येकी निदान ४० गोळ्या, दहा-दहाचे चार ग्रुप, आणि चारही एकत्र एकावर एक ठेवून मोजलेला आकडा. एकच सुंदर ग्रुप पाहून पेटी घेऊ नका. लॉट बदलताना पहिल्या दहा-पंधरा गोळ्या हिशेबात धरू नका, कारण बॅरलमधलं आधीचं वंगण बदलायला वेळ लागतो, सफाईनंतरही तेच. चेंबरच्या पुढे जमणारी काजळीची कडी मात्र ब्रशने नियमित काढा, ती वाढली की कोणताच लॉट जमत नाही आणि काडतूस चेंबरमध्ये शेवटच्या मिलिमीटरला अडखळतं.

एकाच माणसाने एकाच बजेटमध्ये सगळं करायचं असेल तर आमचा क्रम असा: स्प्रिंग आणि टॉर्क रेंच, मग लॉट तपासणी, मग बटप्लेट, मग डायॉप्टर गरज असेल तर, मग ट्यूब. स्टॉक त्यानंतर, आणि तोही आधी कुणाचा तरी तुमच्याच ॲक्शनवर बसवून किमान २०० गोळ्या झाडल्यावर.