एमजीबीचे पुढचे टायर आतून खात होते: व्ही-8 बुश बसवून एक पावसाळा आणि एक हिवाळा

आधी निकाल सांगतो. जुनी एमजीबी (इंग्लंडची जुनी स्पोर्ट्स कार) पुढचे टायर आतल्या कडेने खात असेल, तर टायर आणि अलाइनमेंटवर पैसे घालण्याआधी खालच्या आर्मचे, म्हणजे चाक गाडीला धरून ठेवणाऱ्या खालच्या दांड्याचे, बुश (सांध्यातले रबर) बघा. मी व्ही-8 बुश बसवून एक अख्खा पावसाळा आणि त्यानंतरचा हिवाळा गाडी चालवली आहे.

माझी गाडी क्रोम बंपरची. फिरणं म्हणजे सुट्टीला यवतेश्वरचा घाट चढून कासपर्यंत, अधूनमधून खंबाटकी ओलांडून पुणे. पुढच्या टायरच्या आधीच्या जोडीतला डावा टायर आतून पार गोटा झाला होता, बाहेरची नक्षी मात्र शाबूत. उजवाही आतूनच खाल्लेला, पण निम्म्याने कमी. हायवेवरच्या एका दुकानात कॉम्प्युटर अलाइनमेंट करून घेतली. कागदावर आकडे सगळे हिरवे, आणि वर सल्ला: पुढचे टायर मागे टाका. म्हणजे आजार तसाच, फक्त नजरेआड.

जुन्या एमआयडीसीतल्या मिस्त्रींनी टायरवर नुसता हात फिरवला. आतून बाहेर नेताना गुळगुळीत, बाहेरून आत आणताना करवतीसारखं बोटांना लागतं. हे टो-आउटचं, म्हणजे चाकांची तोंडं पुढून बाहेर फाकल्याचं लक्षण. (टो-इन, म्हणजे तोंडं आत वळलेली, जास्त असेल तर उलट, आणि झीज बाहेरच्या कडेला.) "आवो मालक, टो बिघडला तर दोन्ही टायर सारखंच खाणार. डावा जास्त खातोय म्हंजे डाव्या बाजूला अजून काय तरी हाय." हे अगदी बरोबर आहे. स्टिअरिंग सरळ धरलं की टोमधली चूक दोन्ही चाकांत वाटली जाते. एकाच बाजूला जादा झीज दिसली की कॅम्बर (चाकाचा वरून आत किंवा बाहेर कल), सैल सांधा किंवा वाकलेला भाग शोधायचा.

मग गाडी जॅकवर. चाक वर-खाली धरून हलवलं तर खटखट. मला ब्रेक दाबून बसायला सांगितलं. ब्रेकने खटखट थांबली तर बेअरिंग, नाही थांबली तर किंगपिन (ज्या उभ्या पिनवर चाक वळतं ती). आमची थांबली. बेअरिंगची शिम (पातळ चकती) बदलून ते मिटलं, पण टायर खाण्याचं खरं कारण पहारीने सापडलं. डावा खालचा आर्म पहारीने ढोसला की बुशात चांगला हलायचा. रबर फाटून बाहेर आलेलं. गाडीचं वजन अशा वेळी चाकाचा खालचा भाग बाहेर ढकलतं, चाक वरून आत कलतं आणि आतली कडच घासते.

आणि कागद हिरवा कसा? मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत रस्त्याची ओढ पुढची चाकं मागे रेटते, म्हणून उभ्या गाडीत थोडा टो-इन ठेवतात. एमजीबीला 1/16 ते 3/32 इंच, म्हणजे साधारण दीड ते अडीच मि.मी. बुश सैल असले की चालताना तो सगळा टो-इन संपून चाकं बाहेर फाकतात. मशीन मोजतं ते उभ्या गाडीचं. 3 मि.मी.ची चूक किरकोळ वाटते, पण हिशेब केला तर प्रत्येक चाक किलोमीटरमागे चार मीटर आडवं फरफटतं.

व्ही-8 बुश म्हणजे 1973 ते 1976 मध्ये निघालेल्या एमजीबी जीटी व्ही-8 चे, आत लोखंडी नळी असलेले अखंड बुश. मूळचे दोन तुकड्यांचे साधे रबर. इंग्लंडहून मागवावे लागले, आणि कस्टम धरून जे बिल झालं ते घरी सांगितलेलं नाही. बसवताना साबणाचं पाणी आणि मोठा व्हाइस लागतो. मिस्त्रींनी नट आधी सैलच ठेवले आणि गाडी चाकांवर उभी केल्यावर आवळले. लटकत्या आर्मवर आवळले तर रबर कायमचं पिळलेलं राहून लवकर फाटतं.

टो त्यांनी खडूने टायरवर खुणा करून लावला. मागच्या बाजूला मोजायचं, गाडी अर्धा फेरा पुढे ढकलायची आणि त्याच खुणा पुढे आल्यावर पुन्हा मोजायचं. टाय रॉड (स्टिअरिंगपासून चाकांना जोडणारे दांडे) दोन्हीकडे सारखेच फिरवायचे.

आता अनुभव. नवे टायर 165/80 आर 14, स्विफ्टच्या खालच्या मॉडेलला येतात तेच, त्यामुळे सहज मिळाले. करवत गेली. ब्रेकवर डावीकडे ओढायची, तेही गेलं. घाटात वळणावर स्टिअरिंग दिल्याबरोबर गाडी वळते, आधी क्षणभर विचार करायची. डाव्या टायरची आतली कड बाहेरच्यापेक्षा अजूनही थोडी जास्त झिजते. या गाडीला कॅम्बर बदलायची कंपनीने सोयच दिलेली नाही, तेव्हा तेवढं चालवून घेतो. स्पीडब्रेकरवर दणका जरा वाढलाय. आमच्या सौंच्या मते जरा नाही, बराच.

दोन गोष्टी सांभाळा. हवा भरताना पंपावर न विचारता 32 पीएसआय ठोकतात. एवढ्या हलक्या गाडीला तेवढी हवा दिली की टायर मधोमध झिजतो आणि निदानाचा घोळ होतो. दुसरं, किंगपिनला प्रत्येक बाजूला तीन ग्रीस निपल आहेत, तिन्ही भरा. वरचा हाताला सापडत नाही म्हणून बरेच जण सोडून देतात.

उजव्या शॉकॲब्सॉर्बरच्या शाफ्टजवळ तेल झिरपायला लागलंय. या गाडीत शॉकॲब्सॉर्बरचा दांडाच वरचा आर्म असतो, म्हणजे तो शाफ्ट सैल झाला की पुन्हा कॅम्बर बिघडणार. पाऊस लागायच्या आत तो उतरवायचा आहे.